दुसऱ्या बालपणाची रजा

सत्कारांवर मी इतकं लिहिलंय की 'तुम्हाला शालीचं वावडं आहे का' असं वाचक विचारतात. आहे. या आठवड्यात ते वाढलं. एका ज्येष्ठ नागरिक संघाने 'आदर्श सून' म्हणून जिचं नाव पुकारलं, ती बाई समारंभाला आलीच नाही. सासूबाईंना स्मृतिभ्रंश; त्यांच्यापाशी संध्याकाळी बसणार कोण? शाल-श्रीफळ नवऱ्याने घेतलं, टाळ्याही त्यालाच.

'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे व्यासपीठावरून ऐकवलं गेलंच. चला, मान्य. मग पहिल्या बालपणाला आपण काय देतो? बाळ यायच्या आधी डोहाळजेवण, आल्यावर बारसं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई. 'रात्री झोपू देतो का गं?' असं अख्खी चाळ विचारते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात 730 दिवसांची रजा आहे. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत केव्हाही, अगदी दहावीच्या परीक्षेसाठीसुद्धा. योग्यच आहे. आणि सासू-सासऱ्यांसाठी? तीच ती अर्जित रजा, महाबळेश्वरला जायला वापरतो ती. भरवणं तेच, डायपर तेच, जागरण तेच. फक्त इथे उद्या आजच्यापेक्षा अवघड असणार. जपानमध्ये शुश्रूषेची गरज असलेल्या प्रत्येक नातलगामागे 93 दिवसांची रजा कायद्यातच आहे, तीन हप्त्यांत घेता येते. 93 दिवसांत स्मृतिभ्रंश उरकत नाही. पण असा आजारी माणूस घरात असतो, हे तिथल्या कायद्याला निदान ठाऊक आहे. आपला 2007 चा कायदा आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तुरुंगाची भीती घालतो. सांभाळणाऱ्याबद्दल तो गप्प.

60 वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या घरात माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांना सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असणार, हे सांगायला मला पाहणी लागत नाही.

बाळाकडे लागते ती माणसांची रीघ इथे हळूहळू आटते. सुरुवातीला दीर, नणंदा, भिशीतल्या मैत्रिणी येतात. आजींनी दोनदा 'तुम्ही कोण?' विचारलं आणि तिसऱ्यांदा बांगड्या चोरल्याचा आळ घेतला, की येणं थांबतं. 'त्यांना कुठे कळतंय आम्ही आलो ते!' अहो, त्यांना नसेल कळत, सुनेला कळतं ना! डॉक्टरसुद्धा आजी जेवतात का, झोपतात का, एवढंच विचारतात. सून झोपते का, हे केसपेपरवर येत नाही.

तेव्हा अशा घरी जायचं असेल तर फळांच्या पिशव्या नेऊ नका. दुपारी तीन ते पाच आजींपाशी बसा आणि सुनेला बाहेर पिटाळा. कुठे जाते ते विचारू नका. आजींनी दहादा नाव विचारलं तर दहादा सांगा. बांगड्यांचा आळ आलाच, तर पर्स उघडून दाखवा.