कानात काही गेलं, तर काडी खिशातच राहू द्या



रात्री उसाला पाणी धरणाऱ्याला सापाची धास्ती असते, विंचवाची असते. किड्याची धास्ती कोणी घेत नाही. आम्हीही घेतली नव्हती. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागाला रात्रपाळीची लाईट होती. डोक्याला पट्ट्याची बॅटरी बांधून आम्ही दारं धरत होतो. उजेडावर किडे येतात, आणि उजेडच कपाळावर म्हटल्यावर ते तोंडावर येणार हे उघड आहे. त्यातला एक थेट उजव्या कानात शिरला. आत त्याचे पंख फडफडू लागले की डोक्यात मळणी यंत्र चालू झाल्यासारखे वाटते. शेजारच्या वावरातून भाचा धावत आला, खिशातली काडेपेटी काढली आणि म्हणाला, "मामा, मान वाकडी करा, आत्ता काढतो." आम्ही मान वाकडी केली. तिथेच चुकलो.

काडीने किडा निघाला नाही, आणखी आत सरकला. वर रक्त आले. रक्त आल्यावर कानात तेल सोडायचीही सोय राहिली नाही, त्यामुळे रात्रभर तो आत फडफडत होता आणि आम्ही बांधावर बसून होतो. सकाळी तालुक्याच्या गावी कानाच्या डॉक्टरांनी तो पाच मिनिटांत काढला. पण काडीने पडद्याला भोक पडले होते, ते भरून यायला दोन-अडीच महिने लागले. तेवढे दिवस अंघोळीला कानात बोळा आणि विहिरीत उडी बंद. डॉक्टर म्हणाले, "किड्याने काही केलं नव्हतं. जे केलं ते काडीनं."

हे बोल आम्ही सभासदांपुढे ठेवतो आहोत, कारण घरोघरी हीच रीत आहे. कानात काही गेले की काडी, केसातला आकडा, सेफ्टी पिन, हाताला लागेल ते घालायचे. मोठ्या माणसाच्या कानाचा बोळ जेमतेम इंचभर लांब, तोही वाकडा आणि मध्ये अरुंद. त्याच्या शेवटी कागदासारखा पातळ पडदा. बाहेरून आपल्याला बोळाचे तोंड तेवढे दिसते. न दिसणाऱ्या वस्तूला काडीने ढकलणे म्हणजे बोअरमध्ये पडलेली बादली बांबूने ढोसण्यासारखे आहे.

मग करायचे काय? किडा जिवंत असेल तर तो कान वर येईल असे कुशीवर निजावे. मोठ्या माणसाचा कान मागे आणि वर, लहान मुलाचा मागे आणि खाली हलकासा ओढला की बोळ सरळ होतो. खोबरेल किंवा गोडे तेल, मनगटावर टाकून बघितल्यावर कोमट लागेल इतकेच, थेंब थेंब सोडावे. किडा गुदमरून मरतो आणि निम्मा त्रास तिथेच संपतो. पुष्कळदा कान खाली केला की तेलाबरोबर बाहेरही येतो. नाही आला तर डॉक्टरकडे जावे, पण आता घाई जिवावरची नसते. लसूण घालून कढवलेले तेल ओतणारे आमच्या गावात आहेत. त्याने किडा मरतो खरा, पण कानही भाजतो. आणि किडा मेंदूत जाऊन बसतो ही भीती मनातून काढावी. पडदा धड असेल तर पुढे वाट नाही.

मात्र ज्याचा कान वाहतो, पूर्वी फुटलेला आहे, किंवा पाचट काढताना उसाच्या पातीचे टोक लागून रक्त आले आहे, त्याच्या कानात तेल, पाणी, औषध काहीही घालू नये. तसाच दवाखाना गाठावा.

पोरांची गोष्ट निराळी. ती हरभरा घालतील, ज्वारीचा दाणा घालतील, मणी घालतील, आणि मारतील या भीतीने सांगणार नाहीत. दाणा असेल तर पाण्याचा थेंबही नको. भिजल्यावर हरभरा काय होतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कान खाली करून मान हळूच हलवावी, पडला तर पडला. डोक्यावर चापट्या मारू नयेत. आणि खेळण्यातला किंवा घड्याळातला बटणाएवढा सेल गेला असेल तर सकाळची वाट बघू नये. तो काही तासांत आतली कातडी जाळतो. त्याच रात्री निघावे, वर काही थेंब सोडू नयेत.

आता मुख्य बोलायचे ते. गेल्या हंगामात आमच्याच फडावर तोडणीवाल्या जोडीच्या चार वर्षांच्या पोराने कानात हरभरा घातला. कोपीवर तिघांनी आकड्याने प्रयत्न केले. खाडा पडेल म्हणून बाप गेला नाही, गाडी भरायची म्हणून मुकादमाने सोडले नाही. चौथ्या दिवशी कान सुजून पोर तापाने फणफणले तेव्हा नेले. पहिल्याच दिवशी शांत बसलेल्या पोराचा दाणा डॉक्टरांनी आकडीने सहज काढला असता. हात घालून घालून घाबरवलेल्या पोराला भूल द्यावी लागली. आम्ही त्याच फडात रोज जात होतो आणि आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले, हेही लिहिले पाहिजे.

काही सभासद म्हणतील, मजुरांचे मुकादम बघेल. करार वाहतूकदाराशी आहे हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण पोर बसलेले असते ते आपल्या बांधावर. शेतकी खात्याची गाडी रोज फडाफडांवर फिरते. हंगाम सुरू होण्यापूर्वी चिटबॉय आणि मुकादमांना तासभर बसवून एवढ्या चार गोष्टी सांगाव्यात, आणि असे पोर दिसल्यास त्याला त्याच गाडीतून दवाखान्यात पोचवायची मुभा चिटबॉयला असावी. बापाचा त्या दिवसाचा खाडा धरू नये. याला कारखान्याचा फार पैसा लागणार नाही.

येत्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत आम्ही हे मांडणार आहोत. अनुमोदक हवा आहे.