रेषेपलीकडचा माणूस

प्रवासात अनोळखी माणसाचे रेखाटन त्याच्या नकळतच करावे, विचारले की चेहऱ्यावरची सहजता नाहीशी होते, असा एक युक्तिवाद चित्रकारांमध्ये रूढ आहे. शब्दचित्र शिकवताना साहित्याच्या वर्गातही तो 'सूक्ष्म निरीक्षण' या नावाने वावरतो. आम्हीही तो बरीच वर्षे प्रमाण मानला. आता तो आम्हांस केवळ सोयीचा वाटतो.

गोंदियाहून नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आम्ही वही उघडून बसत असू. आपले चित्र निघते आहे हे ध्यानात येताच तरुण केसांवरून हात फिरवी, म्हातारा खिडकीबाहेर पाहू लागे, पोरे आमच्या खांद्यावरून वाकून नाक चुकल्याचा निकाल देत. या साऱ्यास आम्ही व्यत्यय म्हणत होतो. एकदा वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर, उतरायच्या तयारीत असलेल्या एका बाईंनी वहीत डोकावून विचारले, "मले कायले काढलं जी? नाव तं इचारलंच नाही." चित्राखाली आम्ही 'भाजीवाली' असे लिहून मोकळे झालो होतो. टोपलीत भाजी नव्हती. लेकीसाठी नेलेले तांदूळ होते.

मुद्दा नेमका येथे आहे. न विचारल्याने आम्हांस सत्य गवसले नव्हते. आमचाच पूर्वग्रह रेषांत उतरला होता. ज्या सहजतेचा एवढा गौरव होतो, ती पुष्कळदा पाहणाऱ्याची सहजता असते, पाहिल्या जाणाऱ्याची नव्हे.

ही सवय जुनी आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ 1916 साली प्रसिद्ध झाला. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. माहितीच्या दृष्टीने तो ग्रंथ आजही मोलाचा आहे. पण त्यातील छायाचित्रांखाली बहुधा जात आढळते, माणसाचे नाव नाही. साहेबाच्या कॅमेऱ्यावर टीका करणारे आपण, आपल्या पेन्सिलीने वेगळे काय करतो?

व्यंकटेश माडगूळकरांच्या 1949 सालच्या 'माणदेशी माणसं'मध्ये धर्मा रामोशी, झेल्या अशी नावेच शीर्षके होतात. माडगूळकर स्वतः रेखाटनेही करीत. नाव दिल्याने संमती मिळते असे नाही, हे आम्ही जाणतो. परंतु नावामुळे माणूस नमुना होण्यापासून काहीसा वाचतो. झाडीपट्टीवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

विचारले तर लोक नकार देतील, मग कला कशी व्हायची, असा आक्षेप येईल. नकार आला तर वही मिटावी. होकार आला आणि माणूस ताठ बसला, पदर सावरला, तर ते ताठ बसणेच काढावे. आपण कसे दिसावे याविषयीचे त्याचे मत त्यात असते. चित्र पुरे झाल्यावर त्यास दाखवावे. 'हा मी नव्हेच' हे त्याचे वाक्यही समीक्षाच आहे, आणि आपल्या परिभाषेतील समीक्षेहून ते अधिक जबाबदार आहे.

वहीतील 'भाजीवाली' हा शब्द आम्ही खोडला आहे. पुढे लिहावयास नाव नाही. आम्ही विचारेपर्यंत गाडी हलली होती.