काचपट्टीवरचा काळा डाग

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा केली. तिचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. जालना-बीड-परभणीच्या रुग्णाला सलाईनमधून औषध घेण्यासाठी छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागल्या नाहीत, तर ते कोणाला नको आहे? मात्र औषध कोणते द्यायचे याचा पहिला निर्णय ज्या टेबलावर होतो, ते टेबल या चर्चेत कोणाला फारसे आठवले नाही. ते टेबल पॅथॉलॉजिस्टचे. त्यावर एक सूक्ष्मदर्शक आणि गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवून काढलेली काचपट्टी.

या काचपट्टीत किती मजकूर दडलेला असतो, हे पाहायला मेलानोमाचे उदाहरण चांगले. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. आपल्या अंगावरचा साधा तीळ म्हणजे याच पेशींची निरुपद्रवी वस्ती. त्या बेबंद वाढून खोल शिरू लागल्या की मेलानोमा. गोऱ्या लोकांत तो उन्हाने होतो, पाठीवर, पायांवर दिसतो. आपल्याकडे तो मुळात कमी, पण झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, टाचेवर, नखाखाली किंवा तोंडाच्या आतल्या त्वचेवर. तिथे उन्हाचा संबंध नाही. गायक बॉब मार्ली १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या अशाच मेलानोमाने. आपल्याकडे अशा डागाला काटा मोडला असेल, कुरूप असेल, ठेच लागून रक्त साकळले असेल, असे म्हणून महिने काढले जातात.

२००२ साली ब्रिटिश संशोधकांना असे आढळले की अनेक मेलानोमांत बीरॅफ नावाच्या जनुकात एका ठराविक जागी बिघाड असतो. गोऱ्या लोकांत हे प्रमाण सुमारे निम्मे. २०११ साली त्या बिघाडावर नेमके औषध अमेरिकेत मंजूर झाले. त्याआधी २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांच्या एका गटाने एक साधा प्रश्न विचारला होता: हा बिघाड पेशींच्या रूपात दिसतो का? दिसतो, असे उत्तर आले. बीरॅफवाल्या गाठीतल्या पेशी मोठ्या, गोलसर, रंगाने भरलेल्या. त्या घोळक्याने राहतात, कातडीच्या वरच्या थरांत विखुरतात, आणि गाठीची कड शेताच्या बांधासारखी स्पष्ट असते. तळपायाच्या मेलानोमाची ठेवण बरेचदा निराळी. पेशी कातडीच्या तळाच्या थरालगत एकेक करून पसरत जातात, कड कुठे संपते ते कळत नाही. अशा गाठींत बीरॅफचा बिघाड कमी सापडतो; काहींत किट नावाच्या जनुकाचा सापडतो.

किटचा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. किटवर काम करणारे इमॅटिनिब हे मूळचे रक्ताच्या कर्करोगाचे औषध. त्याच्या नव्या रूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये नाकारले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. किटमधला योग्य बिघाड असलेल्या काही मेलानोमा रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. सर्वांना नाही, आणि पहिला उपचार तो नव्हे. पण महागडी जनुक-चाचणी कोणाची करायची आणि त्यात काय शोधायचे, याचा अंदाज स्वस्त काचपट्टी देऊ शकते.

हा अंदाज चुकतोही, हे सांगितले पाहिजे. १९४८ साली अमेरिकेत सोफी स्पिट्झ या डॉक्टरबाईंनी लहान मुलांच्या अंगावरच्या अशा गाठींचे वर्णन केले, ज्या दिसायला मेलानोमा. मुले मात्र बहुतेक ठणठणीत. नुसत्या चेहऱ्यावरून गुन्हेगार ठरवण्याचा धोका तेव्हाच कळला होता. अशा काही गाठींत आल्क जनुकाचा तुकडा भलत्याच जनुकाला जोडला गेलेला असतो, हे २०१४ मध्ये समजले. त्यांच्या लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींना छेदत जातात. म्हणजे आधी डोळ्याने संशय घ्यायचा, मग जनुकाने खात्री करायची.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो मेलानोमा नव्हता. पण इथल्या माणसांचा आजार इथल्या राहणीतून समजून घ्यावा लागतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवले. पाठ्यपुस्तकातली मेलानोमाची छायाचित्रे आजही बहुतांशी गोऱ्या कातडीची असतात. मराठवाड्यातल्या टाचांच्या काचपट्ट्या आणि त्यांची जनुके एकत्र मांडून अभ्यासायची, तर ते काम १९५६ पासून चालत आलेल्या घाटीसारख्या महाविद्यालयांनीच करायचे. तपासलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे. कच्चा माल हाताशी आहे.

डे-केअर केंद्रात खाट येईल, सलाईनचा स्टँड येईल. त्याच रुग्णालयात पॅथॉलॉजिस्टचे पद भरलेले आहे का, हे आमदार-खासदारांना विचारायला हवे. तोवर एवढे तरी करता येईल: तळव्यावरचा किंवा नखाखालचा पसरणारा काळा डाग डॉक्टरांना दाखवावा, आणि तुकडा तपासणीला जाताना सोबतच्या चिठ्ठीवर नुसते ‘कातडी’ असे न लिहिता ‘डावी टाच’ असे लिहिले आहे ना, ते पाहावे.