गंजाची कुलीनता : स्टेनलेस वस्तऱ्याविरुद्धच्या एका जुन्या पूर्वग्रहाची झडती

१/ वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस अलीकडे काही तरुणांत पुन्हा दिसू लागली आहे. हौसेपाठोपाठ तिचा पंथही आला. या पंथाचा पहिला मंत्र असा : खरा वस्तरा कार्बन पोलादाचाच, स्टेनलेसला धार चढत नाही आणि चढली तर टिकत नाही. बेताच्या पैशांत पहिला वस्तरा घेऊ पाहणाऱ्याला हा मंत्र महागात पडतो. तो इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, याची ही झडती. 🧵

२/ या मंत्राचा सारा भार परंपरेवर आहे. शेफील्ड आणि झोलिंगेन येथील जुने कारागीर जे वापरत ते अस्सल, बाकी सारे बाटगे, असा त्याचा आशय. पण आज परंपरा म्हणून मिरवले जाणारे पोलादही एके काळी उपरेच होते. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफील्डच्या परिसरात मुशीत वितळवून एकजिनसी, कठीण पोलाद तयार केले. ते घडवायला फार कठीण, म्हणून शेफील्डच्या सुऱ्या-वस्तरे करणाऱ्यांनीच ते नाकारले.

३/ हंट्समनने मग आपला माल फ्रान्सला विकला. फ्रेंच पाती सरस ठरू लागताच त्याच कारागिरांनी या पोलादाच्या निर्यातीवर बंदी घालण्याची मागणी केली. ती फसली, तेव्हा निमूटपणे त्यांनी ते स्वीकारले. पुढे शेफील्डच्या वस्तऱ्यांची कीर्ती या मुशीतल्या पोलादावरच उभी राहिली. गावाने हाकलून दिलेली नवलाई अशी गावची परंपरा झाली.

४/ अधिक चांगल्या धारेचा हा शोध मुंबईपर्यंतही येऊन पोहोचला होता. ‘वुट्झ’ नावाने युरोपात ओळखल्या जाणाऱ्या दक्षिण भारतीय पोलादाचे नमुने मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअरसन यांनी त्यावरील निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते, असेच म्हटले होते. माल बंदरातून आला, म्हणून बंदरच त्याचे जन्मस्थान ठरले!

५/ लंडनमधील जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करीत असे. त्याने वुट्झ वापरून पाहिले आणि त्याची जाहीर वाखाणणी केली. पुढे तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन त्याने पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. त्यावरील त्यांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेटही दिले. म्हणजे ज्या काळाला शुद्धतेचे सुवर्णयुग मानले जाते, त्याच काळातला नामांकित कारागीर पोलादात नवे काय मिसळावे, या विवंचनेत होता.

६/ १८२१ मध्ये फ्रेंच खाणतज्ज्ञ पिएर बेर्तिए याने लोखंड आणि क्रोमियम यांचा संयोग आम्लांना दाद देत नाही, हे नोंदवले. क्रोमियमयुक्त पोलादाची त्याने एक सुरी आणि एक वस्तरा घडवून घेतला. दोन्ही उत्तम निघाले. त्या पोलादात क्रोमियम होते एक-दीड टक्का, गंज रोखण्यास अगदी अपुरे. तरीही क्रोमियम आणि वस्तरा यांची सोयरीक दोनशे वर्षांहून जुनी आहे, एवढे निश्चित.

७/ आता पूर्वग्रहाच्या उगमाकडे. हॅरी ब्रेअर्ली हा शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी रोखावी, याचा विचार करीत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. ते गंजत नाही हे लक्षात येताच त्याने ते सुऱ्या करणाऱ्यांना दाखवले. ‘स्टेनलेस’ हे नाव मोझली यांच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट याने सुचवले.

८/ शेफील्डने याही वेळी नाक मुरडले. ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा’ अशी ब्रेअर्लीची थट्टा झाली. या थट्टेमागे कारण होते. साध्या कार्बन पोलादाला सुमारे ८०० अंश सेल्सिअसवरून पाणी देता येते. नव्या पोलादाला १००० अंशांच्या आसपास तापवावे लागे. जुन्या सवयीच्या हाताला हे उमगेपर्यंत बोथट सुऱ्या निघत राहिल्या. शिवाय त्या पहिल्या पोलादात कार्बनच कमी होता. वस्तऱ्याच्या कार्बन पोलादात तो साधारण एक टक्का असतो.

९/ तक्रार तेव्हा रास्त होती. मात्र कारागीर शिकले, पोलाद सुधारले, तक्रार मात्र १९१४ सालीच गोठून बसली. कार्बन वाढवला, तर पाणी दिल्यानंतरही पोलादात काही मऊ अंश शिल्लक राहतो. शून्याखाली खूप थंड केल्यास त्यातला बराचसा कडक होतो. झोलिंगेनच्या झ्विलिंग कंपनीने १९३९ मध्ये हीच बर्फाळ प्रक्रिया ‘फ्रिओडुर’ या नावाने आणली. त्या छापाचे स्टेनलेस वस्तरे आज संग्राहकही शोधत फिरतात.

१०/ निर्णायक पुरावा मात्र कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्किन्सन स्वोर्डने आणि पाठोपाठ जिलेटने स्टेनलेस ब्लेडे बाजारात आणली आणि बघता बघता कार्बन पोलादाची ब्लेडे मागे पडली. स्वीडनमध्ये ब्लेडांसाठी तयार झालेल्या एईबी-एल या पोलादात सुमारे १३ टक्के क्रोमियम आणि ०.६७ टक्के कार्बन असतो. आपला नाभिक कारागीर ब्लेड मोडून अर्धे पाते पकडीत बसवतो, ते बहुधा स्टेनलेसच असते. स्टेनलेसला धार येत नाही, हे म्हणणारी हनुवटी त्यानेच गुळगुळीत झालेली असते.

११/ मग हा समज मरत का नाही? कारण तो दोन व्यापाऱ्यांना सोयीचा आहे. एक जण ‘वारशा’च्या नावाखाली कार्बन पोलाद चढ्या भावाने विकतो. दुसरा वस्तऱ्याच्या आकाराची चकचकीत पट्टी ‘स्टेनलेस’ म्हणून स्वस्तात गळ्यात मारतो. ही पट्टी दाढी करत नाही. ग्राहक स्टेनलेसला दोष देतो आणि पहिल्याच्या दुकानी जातो. दोघे एकमेकांचे गिऱ्हाईक राखतात.

१२/ येथे एक भेद ध्यानी घ्यावा. स्टेनलेस हा एक धातू नसून एक मोठे गोत्र आहे. स्वयंपाकघरातील उत्तम भांड्यांचे, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद पाणी देऊन कडक होतच नाही. कमी कार्बनचे ४२० वर्गातले पोलाद कडक होते, पण वस्तऱ्याला पुरेसे नाही. रॉकवेल मापावर वस्तऱ्याची कठीणता ६० च्या आसपास हवी. नुसते ‘स्टेनलेस’ लिहिलेले पाहून वस्तरा घेणे म्हणजे आडनाव पाहून माणूस पारखणे होय.

१३/ दोष एखाद्या देशावर ढकलणेही आळसाचे. सियालकोटचे वस्तरे म्हणून नाक मुरडणारे विसरतात, की त्याच शहरातील शस्त्रक्रियेची हत्यारे जगभरच्या रुग्णालयांत चालतात. फरक पडतो तो घासणीत आणि पाणी देण्यात. आणि नेमक्या याच दोन कामांत स्वस्त मालाचा उत्पादक पैसे वाचवतो.

१४/ घासणीची पारख घरी करता येते. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन ठरवतात. म्हणून पाते सपाट काचेवर आडवे ठेवावे, अर्थात विक्रेत्याच्या परवानगीने. ते डुगडुगले, पाठ वाकडी दिसली किंवा धार मधोमध आत खचलेली आढळली, तर तो वस्तरा कोणत्याही धातूचा असो, परत ठेवावा.

१५/ बेताच्या पैशांत सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे जुना युरोपीय स्टेनलेस वस्तरा. पात्यावर किंवा मुठीजवळ जर्मन ‘रोस्टफ्राय’ अथवा फ्रेंच ‘इनॉक्स’ हा शिक्का शोधावा. नावाजलेल्या मालिकांचे भाव संग्राहकांनी चढवले आहेत. साध्या मुठीचा, कमी प्रसिद्ध नावाचा झोलिंगेन वस्तरा तेच काम करतो. रुंदी ५/८ किंवा ६/८ इंच, म्हणजे सुमारे १६ ते १९ मिलिमीटर, आणि टोक गोलाकार असावे. नवख्याचा कान त्यामुळे वाचतो.

१६/ जुन्या मालात तीन गोष्टी पाहाव्यात. धारेलगत गंजाचे खड्डे नकोत. पाठ घासून घासून सपाट झालेली नको. आणि मूठ सेल्युलॉइडची असेल, तर ती कुजू लागलेली नको. कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लधर्मी वाफा निघतात आणि त्या पाते खातात, प्रसंगी स्टेनलेससुद्धा. कोरीव नक्षी, सोनेरी अक्षरे, हस्तिदंती थाट यांचा दाढीशी काहीही संबंध नाही. पैसे तेथेच वाचवावेत.

१७/ वाचलेले पैसे चामोट्यावर, म्हणजे धार परजण्याच्या चामडी पट्ट्यावर, आणि जाणत्या हाताकडून पहिली धार लावून घेण्यावर खर्चावेत. नवा वस्तराही पुष्कळदा दाढीलायक धारेचा येत नाही. हेही साधणार नसेल, तर अर्ध्या ब्लेडची पकड घ्यावी आणि त्यात कमीपणा मानू नये. वाईट वस्तऱ्यावर घातलेले थोडे पैसेही पूर्ण बुडतात.

१८/ प्रतिपक्षाचे एक म्हणणे मान्य करावे लागते. क्रोमियममुळे स्टेनलेस निसण्यावर अधिक वेळ घेते. धारेवर आलेली कीस सहज सुटत नाही. ज्याला आठवड्याला दगड काढून बसण्यातच आनंद आहे, त्याने कार्बन पोलाद खुशाल घ्यावे. तो आवडीचा प्रश्न झाला. आवडीला इतिहासाचे प्रमाणपत्र चिकटवले, की मात्र हरकत घ्यावीच लागते.

१९/ कारण हवामान हाही इतिहासच आहे. कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या मोरीशेजारच्या फळीवर कार्बन पोलादाचे पाते पुसून, तेल लावून ठेवले नाही, तर धारेवर रात्रीतून गंज धरतो. स्टेनलेसही अमर नाही. खाऱ्या हवेत त्यालाही डाग पडतात, म्हणून तेही कोरडे करूनच मिटावे. पण एखाद्या दिवशीची हयगय ते सोसते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, घाईच्या माणसाला ही सवलत लाखमोलाची आहे.

२०/ कल्हईच्या पितळेवरून स्टीलच्या भांड्यांवर आलेल्या घरांत कोणी आमटीला ‘खोटी आमटी’ म्हणत नाही. वस्तऱ्यालाही तोच न्याय लावावा. हंट्समनला नाकारणारे, ब्रेअर्लीला हसणारे आणि आज नवख्याला ‘खरे पोलाद घे’ असे बजावणारे एकाच माळेचे मणी आहेत. त्यांचे ऐकून घ्यावे, पाते काचेवर ठेवून पाहावे, आणि ते डुगडुगत नसेल तर शिक्क्यावर ‘रोस्टफ्राय’ असले तरी निःशंक विकत घ्यावे.