बुकिंग तासाभरात, चावी कधी?

थार रॉक्सचे बुकिंग 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाले आणि पहिल्या तासातच 1 लाख 76 हजार 218 नोंदी झाल्या. दसऱ्यापासून गाड्या मिळू लागल्या; बाकीचे रांगेत. गुरुकुंज मोझरीचा ग्राहक अमरावतीच्या शोरूमला फोन लावतो, तो तारखेसाठी. खरा प्रश्न मात्र पैशांचा. 21 हजार भरून फक्त नंबर लागतो. किंमत सहसा डिलिव्हरीच्या दिवशीची धरतात, करही बिलाच्या दिवशीचा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या एसयूव्हींवरचा सेस जाऊन सरसकट 40 टक्के जीएसटी आला, तेव्हा थांबलेल्यांचे फावले. एरवी दरवाढ झाली की फटकाही त्यांनाच. कपाशीच्या पैशांवर हिशेब बांधलेला असेल तर तो असा कोलमडतो. शिवाय कर्जमंजुरीलाही मुदत असते; गाडी लांबली की बँकेची पायरी पुन्हा चढावी लागू शकते.