सायगा वाढले, कुरण तेच: जंत कोण कोणाला देतं?

शिकारीमुळे २००३ च्या सुमारास कझाकस्तानात जेमतेम २१ हजार सायगा हरणं उरली होती. संरक्षण मिळालं आणि २०२५ च्या गणनेत हा आकडा सुमारे ३९ लाखांवर गेला. आता शेतकऱ्यांची तक्रार आहे की सायगा पीक तुडवतात, चारा-पाणी संपवतात. त्याच वर्षी सरकारने नियंत्रित शिकारीला परवानगी दिली.

या वादात एक मुद्दा मागे पडतो. चारा वाटला की जंतही वाटले जातात.

जंत पसरतात कसे?

उदाहरणार्थ, हिमॉन्कस हा रक्त पिणारा जंत. महाराष्ट्रात पावसाळ्यात शेळ्या-मेंढ्यांना छळतो तोच. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो आणि त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते. अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की अळ्या गवतावर चढतात. ते गवत मेंढीने खाल्लं काय किंवा सायगाने, जंताला फरक पडत नाही. जनावर अशक्त होतं, जबड्याखाली सूज येते, कोकरं दगावतात.

मग दोष सायगांचा?

अर्धाच. सायगा उन्हाळ्यात उत्तरेला आणि हिवाळ्यात दक्षिणेला जातात, त्यामुळे एका कुरणातले जंत दुसऱ्या कुरणात पोहोचू शकतात. पण वाट दुहेरी आहे. मंगोलियात २०१६-१७ मध्ये पाळीव जनावरांकडून आलेल्या पीपीआर या विषाणूजन्य रोगाने हजारो सायगा मेले. तो जंत नव्हता, पण रोग कळपातून रानात कसा जातो, ते त्यातून दिसलं.

शिवाय सोव्हिएत संघ कोसळल्यावर कझाकस्तानातल्या शेळ्या-मेंढ्या सुमारे साडेतीन कोटींवरून एक कोटीच्या खाली आल्या होत्या. नंतर तेही कळप पुन्हा वाढले. म्हणजे गर्दी दोन्ही बाजूंनी झाली.

उपाय काय?

रानातल्या लाखो हरणांना औषध पाजता येत नाही, मेंढ्यांना येतं. सायगा येण्याआधी कळपाला जंताचं औषध देणं, सायगा नुकतेच चरून गेलेल्या कुरणात कोकरं लगेच न सोडणं, हे मेंढपाळाच्या हातात आहे. मात्र तेच औषध वारंवार दिलं तर जंत त्याला दाद देत नाहीत. म्हणून वेळ महत्त्वाची.

शिकारीने सायगा कमी होतील. मेंढ्यांच्या पोटातले जंत मात्र तिथेच राहतील.