तड्यावरचा रंग

दिवाळी आली की घराघरांतून रंगाचे डबे निघतात. भिंतीच्या भेगा लांबी भरून बुजवायच्या, वरून चुन्याचा हात फिरवायचा, की पाहुण्यांच्या नजरेला सारे नवेकोरे! भिंतीच्या बाबतीत हा सोपस्कार एक वेळ खपून जाईल. परंतु हीच रीत आपण लोखंडालाही लावीत आलो आहो, आणि लोखंडाला ती मुळीच मानवत नाही.

उसाच्या हंगामात माधवनगरच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत आभाळाला टेकेल एवढा ऊस, आणि दर खड्ड्यागणिक कण्हणारी ती जोडाची कडी. एके दिवशी कडीच्या बुडाशी केसाएवढी रेघ दिसते. मग ट्रॉली वेल्डरच्या दारात.

"मिस्त्री, टाका मारा लवकर. कारखान्यावर नंबर लागलाय."

ठिणग्या उडतात, वर लाल रंगाचा फटका बसतो, आणि अर्ध्या तासात गाडी पुन्हा रस्त्यावर. पुढे कडी पुन्हा तुटते, पण बहुधा टाक्यावर नव्हे, टाक्याच्या अगदी शेजारी! मिस्त्री छाती फुगवून म्हणतो, "बघा मालक, माझा जोड शाबूत आहे!" जोड शाबूत, ट्रॉली मात्र आडवी.

असे का होते, ते घरातली मुलेसुद्धा सांगतील. एक तार घ्या. ओढून ती तुटणार नाही. पण दहा-वीस वेळा वाकवून सरळ केली की अलगद दोन तुकडे होतात. पुलाच्या गर्डरचे हेच. एका जड गाडीने तो मोडत नाही. लाखो गाड्यांच्या येण्याजाण्याने एखाद्या भोकाच्या काठाशी, एखाद्या वेल्डच्या कडेला सूक्ष्म चीर पडते आणि मुकाट्याने वाढत राहते. याला धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा झोपेने जातो. लोखंडाला विश्रांतीचा उपयोग नाही, त्याच्या खात्यावर प्रत्येक हेलकावा कायमचा जमा होतो. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायच्या मार्गावर आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भयंकर अपघात झाला, तेव्हापासून विद्वान या कोड्याच्या मागे लागले. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वे-अभियंत्याने वर्षानुवर्षे आस फिरवून आणि वाकवून त्याचा हिशेब मांडला. त्या हिशेबाचे आजचे रूप आपल्या ट्रॉलीवाल्यांनी पाठ करण्यासारखे आहे: वेल्ड केलेल्या जोडावरचा ताण दुप्पट झाला, की झीज दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते.

मग तड्यावर औषध काय? पहिले औषध ऐकून गृहिणी हसतील: भोक पाडायचे! चिरेचे टोक सुईसारखे असते आणि सारा ताण त्या टोकाशी एकवटतो. तिथे नेमके गोल, गुळगुळीत भोक पाडले, की टोकच नाहीसे होते आणि ताण भोवती पसरतो. मात्र टोक सापडले पाहिजे. त्यासाठी रंग खरवडायचा, पोलाद लख्ख करायचे, चिरेत झिरपणारा लाल द्रव लावून पुसायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. मग चीर लाल रेघेसारखी उमटते. भोक टोकाच्या अलीकडे पडले तर सारी मेहनत फुकट. त्यानंतर दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळायच्या. आणि तड्याचे मूळ कारण दूर करायचे, मग ते वाजवीहून जड वाहन असो की चुकीच्या जागी केलेला वेल्ड. हे शेवटचे काम टाळले, तर चीर दुसरीकडे डोके काढते.

"मग वेल्डिंगने काय बिघडले?" असे विचारणारे भेटतात. वेल्डिंग वाईट नव्हे. तडा मुळापर्यंत कोरून काढून, जाणत्या हाताने ते करता येते. परंतु वरवर ओतलेला टाका म्हणजे पू तसाच ठेवून बांधलेली पट्टी. त्यात जुन्या रिव्हेटच्या पुलांचे लोखंड वेल्डिंगला पुष्कळदा सोसतच नाही. त्या पुलांत एक शहाणपण होते: एका पट्टीचा तडा त्या पट्टीच्या काठाशी थांबे. आपण टाके मारून पट्ट्या एकजीव केल्या, की तड्याला पलीकडे जायला वाट मोकळी.

अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज 15 डिसेंबर 1967 रोजी कोसळला आणि 46 माणसे गेली. मूळ कारण एका पोलादी दुव्यातली अडीच मिलिमीटरांची चीर! त्या धक्क्याने तिथे पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी कायद्याने बांधली गेली. तरी माणूस तो माणूसच. मेंफिसजवळ मिसिसिपीवरच्या पुलाची तुळई तडकलेली 11 मे 2021 रोजी दिसली, तेव्हा जुन्या छायाचित्रांतही तो तडा असल्याचे आढळले. आधीच्या तपासनिसाला तो दिसलाच नव्हता. त्याची नोकरी गेली. पण ज्याला दिसला, त्याने फायलीवर शेरा मारून सहीसाठी वर पाठवली नाही. तिथूनच फोन करून वाहतूक थांबवली.

आणि आपल्याकडे? 15 जून 2025 च्या रविवारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार माणसे गेली. तो थकव्याने पडला असे मी म्हणत नाही. गंज होता, गर्दी होती. पण पूल धोक्याचा आहे हे ठाऊक होते, तसा फलकही होता. फलक लावला की कर्तव्य संपले, ही आमची समजूत. रंग दिला की पूल नवा झाला, ही तिचीच धाकटी बहीण.

सांगलीकर म्हणतील, आमचा 1929 चा आयर्विन पूल दगडाचा, आम्हांला ही चिंता कशाला? दगडाची दुखणी निराळी, एवढेच. पोलाद काही दूर नाही: पादचारी पूल, कालव्यावरचे साकव, रेल्वेचे गर्डर, अन् सर्वांत जवळची ती ट्रॉलीची कडी.

पैसे नाहीत, ही सबब मला पटत नाही. उद्घाटनाच्या मांडवाला आणि संगमरवरी कोनशिलेला पैसे असतात. त्या कोनशिलेवर मान्यवरांची नावे खुशाल राहू द्या. मात्र त्यांच्याखाली एक ओळ जागा सोडा, आणि तीत खडूने का होईना लिहा: हा पूल शेवटचा कोणी तपासला, कोणत्या तारखेला, आणि त्या दिवशी रंग खरवडला होता की नाही.